दोन घटकांचा उशीर

खाडीच्या चिखलाचा वास आला की मला कोलशेतची शाळा आठवते. मी तिथे नवा मास्तर होतो आणि वक्तशीरपणाचं भलतंच वेड डोक्यात होतं. मिठागरावरून येणारा एक आठेक वर्षांचा मुलगा रोज उशिरा यायचा, तोही कालच्यापेक्षा जास्त, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला. मी रोज त्याच्या हातावर छडी मारायचो. कारण कधी विचारलं नाही. एके दिवशी संतापून म्हणालो, “अरे, उद्या तरी केव्हा उगवणार आहेस?” तो बोटं मोजून म्हणाला, “मास्तर, आमची वाट भरतीत बुडते. पानी रोज दोन घटका उशिरा उतरतं. उद्या छपराची सावली त्या खांबाला लागली का यीन.” दुसऱ्या दिवशी शिकवताना माझी सगळी नजर त्या खांबावर. सावली तिथे टेकली आणि हा दारात हजर. मी छडी कोनाड्यात ठेवून दिली. त्याने मात्र सवयीने हात पुढे केला. त्यानंतर पुष्कळ मुलं माझ्या हाताखालून शिकून गेली, पण त्या पुढे आलेल्या हातावर काय ठेवायला हवं होतं, ते मला अजून सुचलेलं नाही.