उसवलेली बाही

बाईंनी टेबलाच्या खणातून ब्लेड काढलं आणि माझ्या खांद्यावरची शिवण उसवली.

एकेक टाका. घाई न करता. "हलू नकोस हं बाळा, लागेल," असंही म्हणाल्या. खांद्यावरचे सगळे टाके निघाले. बाही खांद्यावरून लोंबायला लागली. बाई दोन पावलं मागं सरकल्या, मान तिरकी करून त्यांनी बघितलं.

"आता कशी दीन वाटतेस!"

वर्ग हसला.

वर्गाच्या भिंतीवर त्या वर्षी नवा तक्ता लागला होता. मूल्यशिक्षणाचा. त्यात संवेदनशीलता होती आणि तिच्याखाली दोन ओळी सोडून नीटनेटकेपणाही होता. एकासाठी दुसऱ्याचे टाके काढावे लागतात, हे तक्त्यात छापलेलं नव्हतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी सातवीत होते. आमचं गाव बारामती-इंदापूर रस्त्यापासून आत, कालव्याच्या कडेला. मुलांना भावना शिकवा, असा आदेश वरून आला होता. आदेश आला की तो पाळला जातो का हे बघणारेही येतात. जानेवारीत शिक्षणखात्याचे साहेब येणार म्हणून बाईंनी दहा मिनिटांचं नाटक बसवलं. श्रीमंत मुलगी गरीब मुलीला फ्रॉक देते. गरीब मुलगी म्हणते, "ताई, तुमचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही," आणि तिच्या पाया पडते. संपलं.

श्रीमंत मुलगी पल्लवी. संस्थेच्या अध्यक्षांची लेक. माझ्याहून चार महिन्यांनी लहान. तरी ताई तीच.

गरीब मुलगी निवडायला बाईंनी वर्गावर नजर फिरवली. पहिल्या बाकावरची एक मुलगी सगळी थंडी अनवाणी काढायची. नजर तिच्यावर थांबली आणि पुढं गेली. "नको. मानी माणसं आहेत ती, घरच्यांना चालायचं नाही."

मग माझ्यावर थांबली.

आम्ही बौद्ध. मानी आहोत की नाही, हे कुणी विचारलं नाही. माझ्या पायात चपला होत्या. बाबा साखर कारखान्यात हंगामी होते. हंगाम संपला की घर आईच्या शिलाई मशीनवर चालायचं, कारण शाळेचे गणवेश मे महिन्यात आमच्याकडं शिवायला यायचे. माझा गणवेश जुना होता, पण आईनं रफू केलेला दिसायचासुद्धा नाही.

"तुला काही अभिनय करायला लागणार नाही," बाई म्हणाल्या होत्या. मग ब्लेड कशाला लागलं, हा प्रश्न मला फार नंतर पडला.

त्या दिवशी घरी गेले तेव्हा आई मशीनवर होती. पाय न थांबवता तिनं विचारलं, "बाही कशी गं फाटली?"

"खिळ्याला अडकली."

मशीन थांबलं. तिनं बाही हातात घेतली, उजेडाकडं धरली.

"खिळा फाडतो. उसवत न्हाय."

तिनं बाही पुन्हा शिवून दिली. दुसऱ्या दिवशी तालमीला बाईंनी पुन्हा खण उघडला. असं तीनदा झालं. रात्रभरात बाही जोडली जायची, दुपारी उसवली जायची. तिसऱ्या वेळी आईनं काही विचारलं नाही. फक्त दोरा दुहेरी घातला.

मी एकदा धीर करून म्हटलं, "बाई, पाया पडायचं राहू द्या का?"

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्या पाठीवर हात ठेवून हळू आवाजात म्हणाल्या, "अध्यक्षसाहेब येणार आहेत बघायला. गणवेश तुझ्या आईकडंच असतात ना? मग झालं तर."

त्याच आठवड्यात अध्यक्षांच्या घरून कापड आलं. पोपटी, फुलाफुलांचं. पल्लवीसाठी फ्रॉक शिवायचा, असा निरोप. "उभी ऱ्हा हितं," आई म्हणाली. "तुझ्याच अंगाची हाय ती." तिनं माझ्या अंगावर माप घेतलं. टेप गार होती. खालच्या दुमडीत तिनं दोन बोटं जास्त माया सोडली. पोर वाढेल तसा फ्रॉक वाढवता यावा म्हणून. सगळ्यांच्याच लेकरांच्या कपड्यात ती तेवढी सोडायची.

कार्यक्रमाच्या दिवशी शाळेपुढं मांडव पडला. आधी सत्कार. अध्यक्षांचा दोनदा झाला, एकदा अध्यक्ष म्हणून आणि एकदा पालक म्हणून. दोन्ही वेळा त्यांनी तितक्याच संकोचानं शाल घेतली. साहेबांना झोप येत होती. बायांच्या रांगेत, अगदी मागं, आई बसली होती. तिला एवढंच माहीत होतं की पोरीचं नाटक आहे.

आम्ही स्टेजवर गेलो. बाही लोंबत होती. पल्लवीनं पिशवीतून फ्रॉक काढला.

पोपटी. फुलाफुलांचा.

मी हात पुढं केला. बोटं आपोआप दुमडीत गेली. दोन बोटं माया. माझ्याच मापाचा फ्रॉक मला दान मिळत होता, माझ्याच आईच्या हातचा, आणि ती मागं बसून बघत होती.

मी हात मागं घेतला.

"वाक," पडद्याआडून बाई. "वाक गं. वाक!"

पल्लवीनं फ्रॉक आणखी पुढं केला. ती ओठ न हलवता म्हणाली, "घे की गं. पप्पा बघतायत."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तीही घाबरलेली आहे. फक्त तिच्या भीतीला इस्त्री केलेली होती.

मी माइकपाशी गेले. "हा फ्रॉक माझ्या आईनं शिवलाय. माझी बाही फाटलेली नव्हती. बाईंनी ब्लेडनं उसवली. मी पाया पडणार नाही."

मग साहेब जागे झाले. त्यांना वाटलं, नाटकातलंच आहे. "वा!" म्हणाले आणि टाळी वाजवली. साहेबांनी वाजवली म्हणून मुख्याध्यापकांनी वाजवली. मग सगळ्या मांडवानं.

दोघांनीच वाजवली नाही. आई उठून उभी राहिली होती. आणि अध्यक्ष मान वळवून तिच्याकडं बघत होते. सावकाश, चेहरा पाठ करून घेत असल्यासारखे.

घरी जाताना आई कालव्याच्या पुलावर थांबली. म्हणाली, "बाई उसवत व्हती?"

"व्हय."

"मग मला खिळा कशापायी सांगितलास?"

तिनं मला जवळ घेतलं नाही. पुढं चालायला लागली.

कुणी आम्हाला काही बोललं नाही. धमकी नाही, निरोप नाही. फक्त मे महिन्यात कापडाचे गठ्ठे आले नाहीत. आई रोज सकाळी मशीनला तेल घालायची आणि रस्त्याकडं बघत बसायची. जूनमध्ये सगळ्यांना बारामतीहून तयार गणवेश आले. आईनं माझा उलटा करून बघितला. "माया न्हाय ह्यात. दिवाळीपातुर तोकडा व्हतोय."

आता मूल्यशिक्षणाला भावनिक शिक्षण म्हणतात. त्याची प्रशिक्षणं होतात, चहा-बिस्किटं असतात. मी हसत नाही. ते शिक्षण शाळेत हवंच, हे मी कुठल्याही साहेबापेक्षा आधी शिकले. त्या तालमींत एका माणसानं एकदा जरी विचारलं असतं, "तुला कसं वाटतंय गं?" तरी सबंध मूल्यशिक्षण झालं असतं. पल्लवीला विचारलं असतं तरी चाललं असतं. दुसऱ्याला द्यायचं कसं हे तिला शिकवलं. समोरच्याला ते हवंय का, हे विचारायला नाही.

आठवीच्या वर्षी पुन्हा साहेब येणार होते, पुन्हा नाटक बसत होतं. मी हजेरीचं पुस्तक घेऊन पाचवीच्या वर्गात गेले. टेबलापाशी आमच्या वस्तीतली निशा उभी होती. तेल लावून चापून घातलेल्या वेण्या. गणवेश धड होता. त्याच बाईंचा हात खणात होता.

मी पुस्तक टेबलावर ठेवलं, खणाच्या तोंडाशी. सरकले नाही.

"काय गं?"

"बाई, आधी तिला विचारा."

"वर्गात जा."

"जाते. पण तुम्ही उसवलंत तर मी परत सांगणार. मागच्या वेळी नाटकात सांगितलं, म्हणून टाळ्या पडल्या. या वेळी टाळ्या थांबल्यावर सांगेन."

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. खण उघडाच होता. ब्लेड दिसत होतं.

मी निशाला म्हटलं, "घरी काय सांगायचं, ठाऊक आहे का?"

तिनं मान हलवली. नाही.

"खिळा सांगायचा नाही."