पडद्यावर काय लिहून आलंय?

साळवे मॅडमना फोन केला की पलीकडून ‘हॅलो’ येत नसे. थेट प्रश्न यायचा, “पडद्यावर काय लिहून आलंय? ते वाचा. तुमच्या मनचं सांगू नका.”

मी पहिल्यांदा फोन केला तेव्हा म्हणालो, “मॅडम, मेल उघडत नाही.” त्या उसळल्याच. “उघडत न्हाई म्हंजे? दार हाय का ते? पासवर्ड चुकला म्हणतंय का नेट न्हाई म्हणतंय?” मी चष्मा लावून वाचलं. पासवर्डच चुकला होता. “मंग बराबर लिव्हा,” म्हणून फोन बंद. अंबडच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवतो. शुद्धलेखनावरून मला कुणी झापल्याचा तो पहिलाच प्रसंग.

आमच्या शिक्षणसंस्थेच्या जिल्हाभर शाळा आहेत. संस्थेचा स्वतःचा मेल सर्व्हर जालन्याच्या मुख्य कार्यालयात. ब्राउझरमध्ये टपाल उघडायचं पान आहे ते संघमित्रा साळवे यांनी एकटीने बांधलेलं. त्या केदारखेड्याच्या. वडील शिक्षक. आधीच्या विकतच्या पानावर मराठी नावांच्या जागी नुसते चौकोन यायचे. त्याचा त्यांना भयंकर राग. “माझ्या आईनं हौसेनं ठेवलेलं नाव, अन् हे चौकोन दाखवून राह्यलेत!” त्या रागातूनच नवं पान झालं, मराठीतलं. पत्र पोचलं नाही तर तिथे सरळ लिहून यायचं, ‘पत्र पोचलं नाही. पत्ता पुन्हा पाहा.’ निवृत्तीला टेकलेल्या आमच्या मुख्य लिपिकांनाही ते कळायचं.

पण त्यांचा खरा संताप पासवर्डवर. बदनापूरच्या शाळेत एकदा त्यांना संगणकावरच चिकटवलेला पासवर्ड दिसला. तो कागद त्यांनी तिथल्या तिथे फाडला. “कुलूप लावायचं अन् किल्ली कडीलाच टांगायची! आपलं टपाल आपल्याशिवाय कुणी वाचू नये, एवढी पण हौस न्हाई का तुम्हाला?” शिक्षक हसले. मीही हसलो. टपालात लपवण्यासारखं असतंच काय, असं आम्हाला वाटे.

मग आमच्या एका शाळेतल्या बाईंनी मुख्याध्यापकांविरुद्ध तक्रार केली. तो माणूस त्यांना शाळा सुटल्यावर केबिनमध्ये थांबवून घेई आणि नको ते बोले. बाईंनी संस्थेच्या मेलवरून महिला तक्रार समितीला सगळं लिहून पाठवलं. मुख्याध्यापक आमच्या कार्यवाहांचे मेहुणे. दोन दिवसांतच साळवे मॅडमना बोलावणं आलं. त्या वेळी परीक्षेच्या कामासाठी मी त्याच खोलीत बसलो होतो.

“त्या बाईंची मेलपेटी उघडा,” कार्यवाह म्हणाले. “कुणाकुणाला काय लिहिलंय ते बघू.”

“न्हाई उघडणार.”

“सर्व्हर संस्थेचा आहे, मॅडम. म्हणजे आतलं सगळं संस्थेचंच.”

“इमारत पण संस्थेची हाय,” मॅडम म्हणाल्या, “म्हणून बायांच्या पर्सा धुंडाळता का तुम्ही?”

कार्यवाहांचा चेहरा तांबडा झाला. “तुम्हा लोकांना जरा खुर्ची दिली की…” एवढं बोलून ते थांबले. पुढचं त्यांना बोलावं लागलंच नाही. अर्धं वाक्य सगळ्यांना पुरतं कळलं.

मॅडमनाही कळलं. पण आवाज चढला नाही. “खुर्ची परीक्षा देऊन मिळाली, साहेब. पूर्ण बोला ना, अर्धं कशाला ठेवता?” आणि त्या बाहेर पडल्या. मी मागोमाग गेलो. जिन्यातच त्यांनी त्या बाईंना फोन लावला. “तुमच्या पत्रांच्या प्रती आजच काढून घरी ठेवा. जल्दी. अन् तक्रार जिल्ह्याच्या समितीकडं पण द्या, स्वतःच्या मेलवरून.”

दुसऱ्या दिवशी सकाळी जिल्हाभरच्या शिक्षकांनी मेलचं पान उघडलं, तर आत जायच्या आधीच ओळी दिसल्या: ‘एका कर्मचाऱ्याची पत्रं उघडण्यास मला सांगण्यात आलं. मी नकार दिला आहे. माझ्यानंतर इथे कोण बसेल सांगता येत नाही. यापुढे या पेटीत खासगी काही लिहू नका.’ खाली त्यांचं पूर्ण नाव. स्वतः उभारलेल्या घराच्या दारावर ‘इथे राहू नका’ असं लिहिताना त्यांना काय वाटलं असेल, ते त्याच जाणोत.

दुपारी त्यांना काढलं. आम्ही काही शिक्षक कार्यवाहांना जाब विचारायला गेलो. “तिने सिस्टीम बिघडवली,” ते म्हणाले. सिस्टीम व्यवस्थित चालू होती! जाताना सगळ्या किल्ल्या, सगळे पासवर्ड त्या रीतसर सोपवून गेल्या होत्या. मनात आणलं असतं तर एका बोटाने सगळं पुसून टाकता आलं असतं त्यांना.

जिल्ह्याच्या समितीने बाईंची तक्रार खरी ठरवली. मुख्याध्यापक गेला. कार्यवाह मात्र जागेवरच आहेत, आणि साळवे मॅडमना परत कुणी बोलावलं नाही. यंदाच्या वार्षिक अहवालात त्यांच्याबद्दल एकच ओळ छापली आहे: ‘तांत्रिक कारणास्तव सेवामुक्त.’

तांत्रिक! वाचून डोक्यात तिडीक गेली. तसाच फोन लावला आणि ती ओळ त्यांना वाचून दाखवली. हल्ली त्या छत्रपती संभाजीनगरला एका दवाखान्याचं संगणकाचं काम बघतात. ऐकून त्या म्हणाल्या, “सर, त्या बाई शाळेत जातात ना? वर्गावर?”

“जातात.”

“मंग बास,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्यांचं बास झालं असेल. माझं झालेलं नाही.