तेल न खाणारी लेथ

माझ्या वडिलांना आम्ही घरातले सगळे आण्णा म्हणतो. घोटावड्यात त्यांची ओळख दोन गोष्टींसाठी होती, एक त्यांची लाकूडकामाची लेथ आणि दुसरं त्यांचं तोंड.

लेथ म्हणजे लाकूड आडवं पकडून गरागरा फिरवायचं आणि पटाशी टेकवून गोल घडवायचं यंत्र. आमची ओतीव लोखंडाची, हिरव्या रंगाची, माझ्या जन्माआधी पुण्यातल्या कुठल्याशा बंद कारखान्यातून उचललेली. शेती सांभाळून आण्णा तिच्यावर लाटणी, खाटांचे पाय, पाळण्यांचे खांब करायचे. आणि काम घेऊन येणाऱ्याला बोलायचे. लाकूड ओलं आणलं म्हणून बोलायचे, वाकडं आणलं म्हणून बोलायचे, मशीनला टेकून उभा राहिला तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. माणसं हसत ऐकून घ्यायची. आण्णांनी केलेलं लाटणं सासूकडून सुनेकडे जायचं, मग चार शिव्या कोण मोजतो?

मग काही वर्षांपूर्वी लेथ बंद पडली. बटण दाबलं की मोटर नुसती घुमायची, पट्टा जागच्या जागी घासून धूर काढायचा. "मोटर जळली," म्हणून आण्णांनी शेडचं दार लोटून घेतलं आणि त्या दिवसापासून माझा बाप सभ्य झाला. येणाऱ्याला "या, बसा" म्हणायला लागला. भाजी अळणी झाली तरी "छान झालीय" म्हणायला लागला. दिवसभर ओट्यावर मोबाइल घेऊन बसायचे. शेजारपाजारचे मला कौतुकानं सांगायचे, तुझे वडील किती शांत झाले गं! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शांतपणा शोभणारी माणसं वेगळी असतात. मला माझा तोंडाळ बाप परत हवा होता, अगदी शिव्यांसकट.

आईचा विचार वेगळा होता. आमच्या आळीत ज्याच्या त्याच्या दारात भाड्याच्या खोल्या उठल्या आहेत, कंपन्यांतली पोरं राहतात. आईला शेड पाडून तिथं खोली काढायची होती. भंगारवाल्याला तिनं दसऱ्यानंतर या म्हणून सांगूनही टाकलं होतं.

"आणि चालू झाली तर?" मी कमरेला पदर खोचला. खरं तर ओढणी.

"खंडेनवमीच्या आत चालू करून दाव, ऱ्हाऊ दे मग," आई म्हणाली. "लई वर्सं पुजलं बंद लोखंडाला. औंदा मी त्याला कुंकू लावायची न्हाई."

आण्णा म्हणाले, "करा तुम्हाला काय करायचं ते." तेही गोड आवाजात. मला रडूच आलं.

मी मारुंजीला दिलेली, नोकरी उरवड्याच्या एका कंपनीत, स्टोअरमध्ये. सुट्टी गुरुवारची. मग दर गुरुवारी स्कूटर काढून माहेरी यायचं, नाकाला ओढणी बांधायची आणि डिझेल, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर घेऊन लेथला भिडायचं, हे सुरू झालं. तेवढ्या घासकामात मला जी मजा आली ती माझ्या संसारातल्या भांड्यांनी कधी दिली नाही. गंजाखालून लोखंड असं चमकून वर यायचं की मी एकटीच "वा!" म्हणायची. एका टोकाला लोखंडात बारीक टवके उडालेले सापडले. आधी कळेना, मग आठवलं, दर खंडेनवमीला आण्णा नारळ तिथंच फोडायचे.

मोटर सोडवून पिरंगुटला वाइंडिंगवाल्याकडे नेली. त्यानं टेबलावर ठेवून वायरी जोडल्या, तर ती गुणी बाळासारखी फिरली. जळलीबिळली काही नव्हती. घरी येऊन मी आण्णांना सांगितलं. "असं व्हय," म्हणाले आणि पुन्हा मोबाइलकडे बघायला लागले. मोबाइल बंद होता.

म्हणजे दोष होता तो लाकूड फिरवणाऱ्या दांड्यात. तो दोन पितळी बुशांच्या कड्यांमध्ये असा आवळून बसला होता की पाना लावून लोंबकळले तरी हलेना. नवमीच्या आधीचा शेवटचा गुरुवार उजाडला, दुपार झाली, आणि मी हात टेकायच्या बेताला आले. दांड्याच्या वर तेल घालायच्या दोन लहान वाट्या आहेत. दोन्ही काठोकाठ भरलेल्या. आण्णांची जुनी फुशारकीच होती ती. "दुसऱ्यांच्या मशिनी डबा डबा तेल पित्यात. आपली बघ, वाटी भरलेली ती भरलेलीच!" लहानपणी आम्हाला त्याचा केवढा अभिमान!

आणि तिथंच माझं डोकं चाललं. तेल कमी होत नाही म्हणजे ते जातं कुठं?

केसातली पिन काढून वाटीत घातली. दोन पेरं गेली आणि अडकली. टोकरलं तर काळपट लाल, चिकट गोळा वर आला. त्यात खोबऱ्याचा कीस होता.

"आई!" मी ओरडले. "मशीनला पूजेला काय काय वाहायचीस गं?"

आई दारात आली. "काय म्हंजी? हळदकुंकू, फुलं आन् निवद. गूळखोबरं."

"निवद कुठं ठेवायचीस?"

"कुटं म्हंजी? तोंडात!" तिनं तेलाच्या वाट्यांकडे बोट दाखवलं. "ह्ये दोन घास भरवायचे मी तिला. दर साली."

इतक्या वर्षांचा गूळ, खोबरं आणि कुंकू तेलात मुरून वाट्यांच्या तळातून दांड्याकडे जाणाऱ्या भोकांना बूच बसलं होतं. दांडा उपाशी, आणि वर वाट्या भरलेल्या. आण्णा कधी ओट्यावरून उठून मागं येऊन उभे राहिले होते ते कळलं नाही. त्यांनी तो गोळा बोटावर घेऊन हुंगला.

आईचा चेहरा एवढासा झाला. "म्हंजी मीच बंद पाडली व्हय?"

"जाऊ दे," आण्णा म्हणाले. "तुला काय ठावं."

त्या मऊ आवाजानं मात्र आईचा बांध फुटला. "अवो, शिव्या तरी द्या की एकदा!" असं म्हणून ती तरातरा आत गेली. मला वाटलं रुसली. तर ती चुलीवरचं उकळतं पाणी घेऊन आली. "गूळच हाय न्हवं? मग गरम पान्यानं सुटल. वत!"

पाणी ओतलं, पिननं टोकरलं, पुन्हा ओतलं. लाल काला भळभळा वाहिला. मग डिझेल, फडक्यानं पुसणं, आणि शेवटी तेल. आम्ही दोघी वाटीवर वाकून बसलो. तेलाची पातळी हळूहळू खाली गेली. "पितीया गं!" आई माझ्या दंडाला धरून म्हणाली. मी पुन्हा भरलं, ती पुन्हा प्याली. पाना लावून जोर केला तर दांडा कुरकुरला आणि फिरला. मी शेडमध्ये उड्या मारल्या, आईनं माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

पट्टा चढवला, बटण दाबलं. लेथ खडखडली, थरथरली आणि मग एका सुरात घुमायला लागली. आण्णा दारातच होते, हात पाठीमागे बांधून. एक पाऊल आत येईनात. मशीन बंद करून मी कोपऱ्यातला बाभळीचा तुकडा दोन टोकांत पकडला, पटाशीचा टेकू अंदाजानं लावला, बटण पुन्हा दाबलं आणि पटाशी उचलली.

"ए गाढवे!"

मी दचकून थांबले.

"टेकू कुटं, लाकूड कुटं! पटाशी वढून घील ती, समदं दात पडत्याल! कुनी शिकिवलं तुला? हो बाजूला, हो!" आण्णा तीन ढांगांत आत आले, माझ्या हातातली पटाशी हिसकली, मशीन बंद करून टेकू जवळ सरकवला. तोंड सुरूच. लाकूड कसलं घेतलंय, पट्टा किती ढिला, ही कसली पटाशी, हिनं लोणी तरी कापंल का! मग बटण दाबलं, आणि बाभळीच्या ढलप्या माझ्या केसांवर उडायला लागल्या. मी भिंतीला टेकून ऐकत राहिले, डोळे पुसत, हसत. शेजारच्या माणसांची डोकी कुंपणावर आली.

आई अंगणात उभी राहून फोनवर बोलत होती.

"न्हाई, न्हाई, टेम्पो आनू नगा. द्यायची न्हाई मशीन." पलीकडून भंगारवाल्यानं आरडाओरडा कसला म्हणून विचारलं असावं. आईनं फोन जरा शेडच्या दिशेनं धरला, मग पुन्हा कानाला लावला. "भांडान न्हाई वो," ती म्हणाली, "आमचं मालक कामाला लागल्यात."