बुडत्या आगबोटीचे चित्र

मित्रहो, आज सकाळी एक चित्र फ्रेम करून घेण्यासाठी रविवार पेठेत गेलो होतो. कोकण किनाऱ्याजवळ पूर्वी बुडालेल्या एका आगबोटीचे हे सुरेख छापील चित्र तीस वर्षे कपाटावर गुंडाळून पडले होते. पत्नीचा विरोध ठाम होता. "बुडती बोट घरात लावायची नाही."

चित्रामुळे घरावर संकट येते हे अनुमान सदोष आहे, असे मी तर्कशास्त्राचा प्राध्यापक या नात्याने अनेकदा सिद्ध केले. ती म्हणे, "झालं ना सिद्ध? आता ठेवा वर."

फ्रेमवाले हमीदभाई चित्र पाहून थबकले. "सर, हे घरात? वहिनी लावू देतील?"

"ती मार्चमध्ये गेली."

ते काच बराच वेळ पुसत राहिले.

दुपारी खिळा ठोकून चित्र लावले आणि सवयीने स्वयंपाकघरातून येणाऱ्या आक्षेपाची वाट पाहिली. तो आला नाही. मग चित्र उतरवले.

माझ्या युक्तिवादात मला अजूनही दोष सापडत नाही. आपल्यापैकी कोणाच्या घरी विनाकारण 'नको' म्हणणारे माणूस असेल, तर ते आज नेमके काय म्हणाले, तेवढे मला लिहून कळवाल का?