सुपारीच्या बैठकीत जस्ताची खाण

मुलीच्या लग्नाच्या बोलणीत मी युरोपातली जस्ताची खाण काढली, ही माझी चूक. काढली ती काढली, वर थेट व्याह्यांकडं बघत म्हणालो, "दोघांचाबी डोळा खाणीवर. कोण सोडणार?"

बैठक आमच्या बेळगावच्या घरात होती. देणंघेणं नको, हे दोन्हीकडून आधीच ठरलेलं. मुलामुलीची पसंती झालेली. अडलं होतं ते लग्नाच्या जागेवर. आमच्याकडची माणसं म्हणत होती, लग्न मुलीच्या दारात, म्हणजे बेळगावात. निपाणीचे पाहुणे म्हणत होते, आमचा गोतावळा मोठा, निपाणीतच करा. प्रत्येकजण आपल्या गावच्या हॉलचं कौतुक सांगत होता आणि तबकातली सुपारी न फुटता तशीच पडली होती. आत स्वयंपाकघरात मुलगी पुसलेल्या बश्याच पुन्हा पुसत होती.

माझं एक आहे. माणसं भांडायला लागली की मला युरोप आठवतो. मोरेस्नेट नावाची तिथं एक इवलीशी पट्टी होती. एका बाजूला नेदरलँड्स, दुसऱ्या बाजूला प्रशिया हे तेव्हाचं जर्मन राज्य, मध्ये जस्ताची खाण. कुणीच हक्क सोडेना, तेव्हा ती पट्टी कुणा एकाची न करता मधल्यामध्ये ठेवली. असल्या जागी नुसते चोर आणि तस्कर राहत असणार, असं लोकांना वाटतं. तसं नव्हतं. माणसं खाणीत कामाला जायची, लग्नं करायची, पोरं शाळेत घालायची. सीमाभागातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. मला एवढंच सुचवायचं होतं, की आपणही मधलं संकेश्वर धरू. पण नेदरलँड्स, प्रशिया सांगता सांगता माझी गाडी खाणीपाशीच अडकली.

"म्हंजे आमचा डोळा तुमच्या खाणीवर हाय म्हणा की, पावणं!" मुलाचे चुलते चहाची बशी खाली ठेवत म्हणाले. "आमी काय मागितलंय वो तुमच्याकडं?"

"न्हाय, न्हाय! प्रशिया म्हंजे तुमी न्हवं."

"मग कोण? नेदरलँड्स?"

कुणी हसलं नाही. व्याह्यांनी शेजारी काढून ठेवलेली टोपी उचलून गुडघ्यावर घेतली. ती डोक्यावर गेली की पाहुणे उठणार. आतला बश्यांचा आवाज थांबला.

तेवढ्यात पडद्याआडून मुलगी म्हणाली, "आप्पा, त्या खाणीचं पुढं काय झालं, ते सांगा की."

"जस्त संपलं," मी कसाबसा म्हणालो. "तरी वाद मिटला न्हाय. हद्द कितीतरी वर्षं तशीच. म्हणून म्हणत हुतो, आपण मधलं गाव धरू."

मुलाच्या आईनं कपाळावर हात मारला. "अगं बाई! खाण संपली तरी भांडत बसली व्हय?" मग नवऱ्याकडं वळून म्हणाली, "ठेवा ती टोपी खाली. पोरगी घरात नांदायला लागल्यावर, लग्न कुठं झालतं म्हणून कोण इचारतंय?"

व्याह्यांनी टोपी खाली ठेवली. "कुठलं म्हणायचं होतं तुमाला? संकेश्वर?"

सुपारी फुटली.

पाहुण्यांची गाडी वळणाआड गेल्यावर मी बायकोकडं जरा ऐटीत बघितलं. "बघितलंस? युरोप कामाला आला."

"ते तुमचं मधलं गाव कुणाचंच नसलं तरी चालंल," ती तबक उचलत म्हणाली. "पर सीमांतपूजनाला पावण्यांस्नी 'या' म्हणायला घरचं माणूस लागतंय. तिथं दारात तुमीच उभं ऱ्हायचं, हात जोडून. आन् 'या'च्या म्होरं एक शबूद बोलायचा न्हाय."