समोरच्या घरातील गृहस्थ

डाळज गावी आमच्या समोर राहणाऱ्या गृहस्थाला दुसऱ्याच्या घरात काय चालले आहे हे कळल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. "व्हय का?" म्हणत तो ऐकून घेतो आणि "मी कुणाला सांगत न्हाय" अशी सुरुवात करून सर्वांना सांगतो. तो येताना दिसला की मी दार लोटून घेत असे.

माझ्या धाकट्या भावाला हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यानेच आपल्या गाडीतून आम्हाला इंदापूरला नेले. डॉक्टर म्हणाले, "गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या एकत्र द्यायच्या आहेत. एवढ्यात डोक्याला मार लागला असेल, तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. लागलाय का?"

"न्हाय," भाऊ म्हणाला. मीही नाही म्हणालो.

"खोटं बोलतोय," दारातून शेजारी म्हणाला. "परवा कारखान्यावर उसाच्या ट्रॉलीवरनं डोक्यावर पडला. शुद्ध न्हवती. घरी सांगू नगा म्हणला. " मग तो माझ्याकडे वळला. "म्हणून तात्या, तुमचं घर सोडून समद्यांना सांगितलं."

डॉक्टरांनी इंजेक्शन बाजूला ठेवले आणि भावाला तातडीने बारामतीला पाठवले. तेथे अँजिओप्लास्टी झाली. भाऊ वाचला.

शेजारी आता ही हकिकत गावभर सांगतो. तीत मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडलो, असेही येते. मी ते अद्याप खोडून काढलेले नाही.