विळा तापवलेली सकाळ

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात आमची वाडी. वाडीतला पहिला पदवीधर मी, महाडच्या शाळेत नुकताच लागलो होतो. भाऊ मुंबईला कामाला. वहिनीची ही दुसरी खेप, म्हणून बाळंतपण आमच्याच घरी झालं. मुलगी झाली.

चौथ्या दिवशी रविवार होता. सकाळीच घरी पोचलो. पोर दोनदा ओढून दूध सोडून देत होती. श्वास इतका भरभर, की मोजायला गेलो आणि चुकलो. बरगड्यांखाली खड्डा पडे, छातीची डावी बाजू मात्र फुगलेली. ओठ जांभळट. परवापासूनच असं चाललंय, वहिनीनं हळूच सांगितलं.

आईचं म्हणणं, पोटावर डाग दिला की उतरेल. विळ्याचं टोक तिनं चुलीत सरकवलंही होतं. मी निमोनिया, ऑक्सिजन असं पुस्तकातलं काहीबाही बोललो. तिनं माझ्या शर्टाखालच्या जुन्या डागाकडं बोट केलं.

"तुला दिलेला हाय ना? म्हणून तर जगलास, शिकलास."

मी ओटीवर जाई, परत आत येई. खाली रस्त्यावर महाडला जाणाऱ्या जीपचा हॉर्न वाजला, जीप निघून गेली. टोक लाल होत होतं.

मग वहिनी उठली. पोरीला गोधडीत गुंडाळलं.

"भावजी, मी खाली उतरतेय. तुम्ही येताय का?"

आई विळा चुलीतच टाकून आमच्यामागून उतरू लागली. एका ट्रकवाल्यानं महाडपर्यंत घेतलं. सबंध रस्ता मी पोरीच्या नाकाशी बोट धरून होतो.

डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, एक्स-रे काढला. डाव्या फुफ्फुसाचा एक भाग जन्मापासूनच सदोष होता. त्यात हवा शिरे, पण बाहेर पडत नसे. तो फुगून बाकीचं फुफ्फुस दाबत होता. ऑपरेशन लागेल, आजच मुंबईला न्या, म्हणाले.

"इतका उशीर का केलात?"

गाडी मिळाली नाही, मी म्हणालो.

"गाडी होती," आई म्हणाली. "मीच नाय जाऊ दिलं."

मुंबईत ऑपरेशन झालं. पोर वाचली. शिकलेला काका होता म्हणून वाचली, असं वाडीत अजून म्हणतात. मी खरं सांगायला जातो, तर वहिनी म्हणते, असू दे भावजी.